दम लागतो, तेव्हा प्राणवायू अडतो कुठे?

“मशीन तं अठ्ठ्याण्णव दाखोते, मंग मले दम काऊन लागते?”

वाशिमकडच्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या मावशीचा हा प्रश्न. सोयाबीनची सुडी मोडून हडंबा लावलेला, आणि मावशी कुटाराची गाठोडी उचलून गोठ्याकडे नेत होती. तिसऱ्या खेपेला ती धुऱ्यावर बसली ती उठेचना. ओठ पांढरे पडलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. मुलानं घरातून ऑक्सिमीटर आणला, 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेला, खोक्यात जपून ठेवलेला. आकडा आला 98. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल म्हणून लिंबू-साखरेचं पाणी दिलं आणि विषय संपला. मावशीचा दम मात्र संपला नाही. खरं कारण सापडायला पुढे दोन आठवडे गेले. ते काय होतं हे ओघात येईलच, पण आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ. वाशिम जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत हा प्रश्न दर हंगामात उभा राहतो आणि बहुतेक वेळा ‘धुळीनं झालं’ एवढ्यावरच सुटल्यासारखा वाटतो.

आपण धरून चालतो की श्वास आत गेला म्हणजे प्राणवायू मिळाला. तसं नसतं. श्वास फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत हवा नेऊन सोडतो, एवढंच. तिथून रक्तात जाण्यासाठी प्राणवायूला एक भिंत ओलांडावी लागते, आणि ती ओलांडायला त्याला कोणी ढकलत नाही. मडक्याच्या भिंतीतून पाणी पाझरावं तसा तो पाझरतो. शाळेच्या पुस्तकात याला विसरण म्हणतात. फुप्फुस स्वतः जोर लावून प्राणवायू रक्तात ओढून घेत असावं, असं शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत होतं. डेन्मार्कच्या ऑगस्ट आणि मारी क्रोग या दांपत्यानं 1910 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं की तसा कोणताही जोर नाही, आहे तो केवळ उतार. पाण्याच्या पाटासारखा. वरच्या अंगाला प्राणवायूचा दाब जास्त, खालच्या अंगाला कमी, म्हणून तो वाहतो.

म्हणून दम लागला की विचारायचे प्रश्न पाच. उतार पुरेसा आहे का? पाझरायला जागा किती उरली आहे? भिंत जाड तर झाली नाही ना? रक्ताला भिंतीशी थांबायला वेळ मिळतो का? आणि पलीकडे प्राणवायू वाहून नेणारं रक्त धड आहे का?

पेव, विहीर आणि केदारनाथ

हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. वायुकोशात त्याचा दाब साधारण 100 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो आणि शरीरभर फिरून थकून आलेल्या रक्तात 40 इतका. हा साठाचा फरक म्हणजे आपला उतार.

हा उतार मोडला की काय होतं हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं, भले त्यांनी आकडे मोजले नसतील. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी पेवात साठवायचे. पेव उघडलं की कोणी लगेच आत उतरत नसे. तोंड मोकळं करून ते तसंच ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचे. कारण साठवलेलं धान्यही श्वास घेतं. बंद जागेतला प्राणवायू ते संपवतं आणि कर्बवायू सोडतं. पेवं गेली, ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तेवढा उरला. विहिरी मात्र आहेत. उन्हाळ्यात गाळ काढायला एक जण उतरतो, खाली जाताच कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. दरवर्षी महाराष्ट्रात कुठे ना कुठे हे घडतं आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात.

एवढ्या पटकन माणूस का पडतो? कारण विहिरीच्या तळाशी प्राणवायू फारच कमी असेल तर उतार उलटा होतो. रक्तातला उरलासुरला प्राणवायूच वायुकोशात उतरतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. दोन-चार श्वासांत माणूस रिकामा होतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही, आणि वर उभ्या असलेल्याला वाटतं की पाय घसरला.

त्यामुळे हे पक्कं ठरवून ठेवा. बऱ्याच दिवसांची बंद किंवा खोल विहीर असेल तर आधी पंख्यानं किंवा ब्लोअरनं बराच वेळ आत हवा सोडा. कंदील विझला तर उतरायचं नाहीच, पण पेटता राहिला म्हणजे धोका नाही असंही समजू नका. विषारी वायू दिव्याला कळत नाही, आणि पेट घेणारा वायू साचला असेल तर दिवाच घातक ठरतो. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून कधीही चालवू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला नव्हे, तर खांद्याखालून छातीला बांधलेला दोर वर दोन माणसांच्या हातात हवा. आणि खालचा माणूस पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. जीव तुटतो, कळतं मला, पण दोरानं ओढा, वरून हवा सोडा, 108 ला आणि अग्निशमन दलाला फोन करा.

उताराचं दुसरं उदाहरण सौम्य आहे. आपल्याकडून चारधामला बसगाड्या भरून जातात. केदारनाथ सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथेही हवेत प्राणवायू 21 टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश राहतो, म्हणून उतार कमी. घरी 97 असलेला आकडा तिथे 90 च्या आत-बाहेर आला तर नवल नाही. पण ज्यांना इथेच, सपाटीवर, दम लागतो त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. वर जाताना मध्ये एक-दोन मुक्काम वाढवावेत. डोकं दुखून उलटी होऊ लागली तर पुढे न जाता खाली उतरावं.

पाऊण गुंठ्याचं वावर

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून कोट्यवधी वायुकोश आहेत. ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा भरते, म्हणजे पाऊण गुंठ्याला जराशी कमी. आणि या एवढ्या जागेवर कोणत्याही क्षणी पसरलेलं रक्त असतं अवघं अर्धा-पाऊण कप. अर्धा कप चहा पाऊण गुंठ्यावर सारवला तर किती पातळ थर होईल याचा विचार करा. प्राणवायू चटकन पाझरतो तो यामुळे.

बिडी हे वावर खाते. धुरानं वायुकोशांमधल्या भिंती झिजतात, दहा लहान कोशांचा मिळून एक मोठा फुगा होतो. हवा तेवढीच मावते, पण पाझरायची जागा घटते. गेलेली जागा परत येत नाही. बिडी सोडल्यावर ती आणखी जाण्याचा वेग मंदावतो, आणि साठाव्या वर्षी सोडली तरी हा फायदा आहेच.

बायांच्या बाबतीत बिडीची जागा चूल घेते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात सविस्तर मांडलं की कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार, सीओपीडी, मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा वाटा फार मोठा आहे. आपल्या घरात गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून पऱ्हाटी-तुराटीवरच होतात. ते एकदम बंद करा असं सांगणं सोपं आहे. निदान चूल माजघरातून ओसरीत आणा, जळण वाळलेलं घ्या, ओल्या गोवऱ्या फुंकत बसू नका, आणि तान्हं लेकरू मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका.

टीबी बरा झाल्यावरही काहींना दम राहतो. जिथे व्रण पडला तिथली जागा गेलेली असते. औषधांचा कोर्स संपला म्हणून तो दम ‘मनाचा’ ठरवू नका. तपासून घ्या.

भिंत जाड होते तेव्हा

वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधली भिंत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, आपल्या डोक्याच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. न्यूमोनियात इथे सूज येते, पू साचतो. हृदय अशक्त झालं की पाणी साचतं, आणि मग माणूस आडवा झोपू शकत नाही, दोन-तीन उशा लावतो किंवा रात्री उठून खिडकीशी बसतो. ही खूण घरच्यांना सगळ्यात आधी दिसते, म्हणून ती लक्षात ठेवा.

शेतकऱ्यांचा स्वतःचा असाही एक आजार आहे. जगभरात त्याला ‘शेतकऱ्याचं फुप्फुस’ अशाच नावानं ओळखतात. परतीच्या पावसात सुडी भिजते, आतून तापते, बुरशी धरते. ती मोडताना किंवा मळताना उडणारी बुरशीची धूळ थेट वायुकोशांपर्यंत जाते आणि काहींच्या शरीराला ती सोसत नाही. फसगत होते ती वेळेमुळे. त्रास धुळीत असताना होत नाही, चार ते आठ तासांनी होतो. दिवसभर मळणी केली, रात्री थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत कोंडल्यासारखं. सकाळी मलेरियाची तपासणी होते, सलाइन लागतं, दोन दिवसांत बरंही वाटतं. पुढच्या मळणीला पुन्हा तेच. असं हंगामागून हंगाम चाललं तर भिंतीवर कायमचे व्रण पडतात. म्हणून ‘मळणीच्या रात्री ताप येतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

मळणीच्या वेळी तोंडाला बांधलेल्या दस्तीनं कुटार अडतं, बारीक धूळ अडत नाही. एन-95 मास्क घ्या, नाक-गालाला घट्ट बसवा, ओला किंवा मळका झाला की बदला. हडंब्याला माल देणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ ठेवून उभं राहावं, म्हणजे धूळ पुढे जाते. आणि ज्याला दमा आहे, त्यानं त्या दिवशी वावरात यायचंच असेल तर माप मोजायला बसावं, कुटाराकडे जाऊ नये.

तणनाशकांत पॅराक्वॉट नावाचं एक आहे. ते पोटात गेलं तर फुप्फुसाची ही भिंतच जाळतं, आणि त्यात गरज नसताना दिलेला ऑक्सिजन नुकसान वाढवतो. म्हणून कोणतंही औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका, आणि कोणाच्या पोटात गेलंच तर मूळ डबा त्याच्यासोबत दवाखान्यात न्या.

सहा मिनिटांची चाल

कोरोनानं हा सगळा विषय आपल्या दारात आणला. फेब्रुवारी 2021 मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले आणि वाशिमचं नाव देशभर गेलं. पुढच्या दोन महिन्यांत आपण विचित्र गोष्ट पाहिली. आकडा 82 आणि माणूस खाटेवर बसून फोनवर बोलतोय.

याचं एक कारण भिंतीतच आहे. कर्बवायू प्राणवायूपेक्षा सुमारे वीसपट सहज पाझरतो. त्यामुळे भिंत बिघडली तरी कर्बवायू बाहेर पडत राहतो, अडतो तो प्राणवायू. आणि जीव गुदमरल्याची जाणीव मेंदूला मुख्यतः कर्बवायू साचल्यामुळे होते. तो साचला नाही, तर घंटा वाजत नाही.

मग हा आतला बिघाड ओळखायचा कसा? इथे वेळेचा प्रश्न येतो. शांत बसलेल्या माणसाचं रक्त वायुकोशाच्या भिंतीशी साधारण पाऊण सेकंद असतं. निरोगी भिंत असेल तर पाव सेकंदातच प्राणवायू भरून होतो. म्हणजे दोन-तृतीयांश वेळ शिल्लक. भिंत थोडी जाड झाली तरी ही शिल्लक सांभाळून घेते, बसल्या जागी आकडा चांगला येतो. पण चाललं, ओझं उचललं की हृदय जोरात धावतं, रक्ताचा मुक्काम कमी होतो आणि उधारी उघडी पडते. आरोग्य विभागानं त्या काळात सहा मिनिटं चालण्याची चाचणी घरोघरी सांगितली, तिच्यामागे हेच तत्त्व.

आजही ती उपयोगाची आहे. आधी बसून आकडा लिहून ठेवा. मग सपाट जमिनीवर, जिना नाही, चढ नाही, नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं न थांबता चाला. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं. लगेच पुन्हा पाहा. आकडा तीनपेक्षा जास्त घसरला, किंवा 93 च्या खाली गेला, तर भिंतीत किंवा जागेत काहीतरी बिघाड आहे असं धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बसूनच आकडा 94 च्या खाली असेल, छातीत दुखत असेल किंवा दमा उसळलेला असेल, तर ही चाचणी करू नका, सरळ दवाखाना गाठा. चालताना कोणीतरी शेजारी हवं.

ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात शोधलं. हे यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्ताची लाली मोजतं. म्हणून बोटाला मेंदी, नेलपॉलिश किंवा चिखल असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका. हात गार असतील तर चोळून ऊब आणा, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. गडद कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. उन्हातान्हात राबलेल्या आपल्या हातांसाठी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

भरलेली गाडी, पण गाड्या किती?

आता मावशी. तिच्या फुप्फुसांत काहीच बिघाड नव्हता. उतार ठीक, जागा ठीक, भिंत ठीक. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन निघालं 6.8.

ऑक्सिमीटर सांगतो की बाजार समितीकडे निघालेल्या गाड्या किती टक्के भरल्या आहेत. गाड्या किती आहेत हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर प्राणवायू उचलतं. हिमोग्लोबिन साडेबारा असलेल्या बाईच्या 100 मिलिलिटर रक्तात 16 मिलिलिटरच्या वर प्राणवायू मावतो. मावशीच्या रक्तात जेमतेम 9. दोघींचा आकडा मात्र 98 च. बसून भाजी निवडायला 9 पुरतात, कुटाराचं गाठोडं उचलायला पुरत नाहीत.

वर्षभर तिच्या अंगावरून जास्त जात होतं. ‘पाळी जायचं वय आहे, व्हतेच असं’ म्हणून तिनं ते अंगावर काढलं, कोणाला सांगितलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बाया रक्तक्षय असलेल्या आढळल्या. म्हणजे कोणत्याही गावात सोयाबीन सोंगायला निघालेल्या दहा जणींत पाच जणी ही तूट घेऊन वाकतात. मला ही गोष्ट फार लागते, कारण तपासणी काही मिनिटांची आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

तेव्हा दम लागतो पण ऑक्सिमीटर चांगला दाखवतो, अशा वेळी पहिलं काम हिमोग्लोबिन तपासणं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबू चालतं. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका. विदर्भात सिकलसेलही आहे, म्हणून घरात कोणाला सांधेदुखीचे झटके येत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर ती तपासणी मागून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणं आणि दम एकदम आला तर सकाळची वाट पाहू नये.

आकडा फसवतो अशी आणखी एक जागा आहे, हिवाळ्यातली बंद खोली. पौषात थंडी वाढली की काही घरांत निखाऱ्यांची घमेली आत घेऊन दार लावून झोपतात. अर्धवट जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. गाडी भरलेली दिसते, पण माल भलताच. ऑक्सिमीटर तेव्हाही 98 दाखवतो. डोकं जड, मळमळ, झोप अनावर होणं, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच होणं, ही खूण. आधी दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग फोन.

दवाखान्यात गेल्यावर

ओठ किंवा नखं निळसर, एका दमात वाक्य पुरं होत नाही, माणूस बरळतो किंवा गुंगीत जातो, लहान मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जातात, यातलं एकही दिसलं तर आकडा पाहत बसू नका. 108 लावा, रुग्णाला बसतं ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा.

सिलिंडरचा ऑक्सिजन उतार वाढवतो, म्हणून न्यूमोनियात जीव वाचवतो. पण तो नळ घरच्यांनी मनानं फिरवायचा नसतो. सीओपीडीच्या बऱ्याच जुन्या रुग्णांत डॉक्टर मुद्दाम 88 ते 92 एवढाच आकडा राखतात, कारण त्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर कर्बवायू साचून गुंगी येते. शेजारच्या खाटेवर 97 आणि आपल्या बाबांचं 90, म्हणून भांडू नका. किती राखायचं ठरवलंय, एवढं विचारा.

आणि डॉक्टरांपुढे नुसतं ‘दम लागते’ म्हणून थांबू नका. कधीपासून, काय केल्यावर, किती पावलांवर, झोपल्यावर वाढतो की बसल्यावर, मळणी-फवारणीशी संबंध आहे का, बिडी-चुलीची वर्षं किती, बाईमाणूस असेल तर पाळीचं. बायांनी हे परक्या डॉक्टरला सांगायला लाज वाटत असेल तर आशाताईला सोबत न्या.

मावशीला आधी रक्त चढवावं लागलं, मग लोहाची इंजेक्शनं, आणि रक्त जाण्याचं मूळ कारण शोधून त्यावर उपचार झाले. आता तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पाठीमागे, दुधाच्या हिशोबाखाली, पेन्सिलीनं तिच्याच अक्षरात ओळी आहेत: बसून 98, चालून 97, रगत 11.2.